भिजत घोंगड्याचें पातक

ब्रेकिन्रिज लाँग हें नांव आपल्याकडील बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलें नसेल. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यांत १९४० पासून १९४४ पर्यंत हे गृहस्थ सहायक सचिव होते, आणि परदेशांतून येऊं इच्छिणाऱ्यांना प्रवेशाचे परवाने देणारी शाखा त्यांच्या हाताखालीं होती. हिटलरच्या तावडींतून सुटूं पाहणाऱ्या ज्यू कुटुंबांचे अर्ज अखेर त्यांच्याच खात्याच्या दारीं येऊन पडत. त्यांची बाजू घेणारे म्हणतात कीं, दोष कायद्याचा होता. १९२४ च्या कायद्यानें देशवार वार्षिक कोटा ठरवून दिला होता, लोकमत परकीयांस प्रतिकूल होतें. अधिकाऱ्यानें कायद्याचा अंमल केला, यापलीकडे त्याचा अपराध तो कोणता?

हा युक्तिवाद लाँगसाहेबांच्याच टिपणापुढें टिकत नाहीं. फ्रान्स पडल्यानंतर, २६ जून १९४० रोजीं, त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांस तें धाडलें. कायद्याला हात न लावतां प्रवेश कसा रोखावा, हाच त्याचा विषय. कॉन्सलांना नुसता सल्ला द्यावा कीं, वाटेंत होतील तितके अडथळे घाला, आणखी पुरावे मागा, निरनिराळ्या कारभारी युक्त्या योजा. म्हणजे परवाना देणें पुढें ढकलतां येईल. 'पुढें ढकलणें' या अर्थाचा शब्द मूळ वाक्यांत ओळीनें तीनदां आला आहे! कायद्याचा अंमल करणाराला असलें टिपण लिहावें लागत नाहीं. जर्मनीच्या वाट्याला वर्षाला २७,३७० जागा होत्या. युद्धाच्या उत्तरार्धांत त्यांतल्या बहुतेक रिकाम्या राहिल्या. कायद्यानें उघडें ठेवलेलें दारसुद्धां कारकुनी कुलुपानें बंद झालें.

हें कुलूप कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे. जून १९४१ मध्यें नियम निघाला कीं, ज्याचे जवळचे आप्त जर्मनीच्या ताब्यांतील मुलखांत मागें राहिले असतील त्याला परवाना मिळूं नये. आईच्या जिवाच्या धाकानें मुलगा हेर बनेल, असा तर्क. पुढच्याच महिन्यांत सर्व अर्जांचा निर्णय वॉशिंग्टनला ओढून नेण्यांत आला, आणि निरनिराळ्या खात्यांच्या समित्यांपुढें एकेक प्रकरण ठेवण्याचा शिरस्ता पडला. १९४३ पर्यंत अर्जाचा नमुनाच चार फुटांहून लांब झाला होता. तो दोन्ही अंगांनीं भरून, सहा प्रती करून, शपथेवर सादर करावयाचा. मामलेदार कचेरींत ज्यांनीं कधीं वारसाचा दाखला काढला आहे त्यांना हा खेळ परका वाटणार नाहीं. तेथें 'उद्यां या' म्हटल्यानें गाडीभाडें बुडतें; मार्सेयच्या रांगेंत उभ्या असलेल्याला 'उद्यां' हा दिवसच नव्हता.

हेरांचें भय सर्वस्वी खोटें होतें असें मी म्हणत नाहीं. १९४० च्या उन्हाळ्यांत तें पुष्कळ शहाण्यासुरत्यांनाही पछाडून होतें. लाँगसाहेबांना त्या खुर्चीवर बसवणारे आणि बसूं देणारे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या माथींही यांतला वाटा जातोच. परंतु १७ डिसेंबर १९४२ रोजीं अमेरिकेनेंच दोस्तराष्ट्रांबरोबर जाहीर केलें कीं, जर्मनी ज्यूंचा समूळ संहार करीत आहे. त्यानंतरही नमुना लांबतच गेला, त्याला कोणतें भय कारण?

२६ नोव्हेंबर १९४३ रोजीं प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें त्यांनीं साक्ष दिली कीं, १९३३ पासून ५,८०,००० निर्वासितांना आपण आश्रय दिला. साक्ष प्रसिद्ध झाली आणि आकड्याचें बिंग फुटलें: ते दिलेले परवाने होते, आलेलीं माणसें नव्हतीं. इमॅन्युएल सेलर या प्रतिनिधीनें त्यांच्यावर तोफ डागली. (१९१७ पासून आशियाई म्हणून बंदी असलेल्या हिंदी लोकांना वर्षाला १०० जागा देणाऱ्या १९४६ च्या कायद्यास ज्या दोघांचें नांव आहे त्यांतले एक हेच सेलर.)

लाँगसाहेबांचा खरा पाडाव केला तो अर्थखात्यांतल्या तरुण वकिलांनीं. निर्वासितांच्या सुटकेसाठीं पैसा धाडण्याचा परवाना परराष्ट्रखातें महिनोन्‌महिने कसें अडवीत होतें, याचा पुरावा त्यांनीं गोळा केला, आणि ज्यूंच्या हत्येला आपल्या सरकारची मूक संमति आहे असें मथळ्यांतच म्हणणारा अहवाल १३ जानेवारी १९४४ रोजीं तयार झाला. मंत्री मॉर्गेन्थॉ १६ तारखेला त्याचा सारांश घेऊन अध्यक्षांकडे गेले. २२ तारखेला युद्ध निर्वासित मंडळ स्थापन झालें. सहा दिवसांत! कायदा तोच होता, कोटे तेच होते, काँग्रेस तीच होती. मंडळाच्या प्रयत्नांनीं हजारों जीव वांचले. साडेतीन वर्षें आधीं निघालें असतें तर किती वांचते, हा हिशेब त्या टिपणाच्या समासांत मांडावयास हवा.

त्याच वर्षाच्या अखेरीस लाँगसाहेब सेवेंतून बाहेर पडले. कोणी त्यांच्यावर खटला भरला नाहीं. दैनंदिनींत मात्र त्यांनीं आपल्या टीकाकारांविषयीं भरपूर तक्रार लिहून ठेवली आहे. मेरीलंडमधल्या आपल्या इस्टेटींत शर्यतीचे घोडे पाळणारे हे गृहस्थ १९५८ मध्यें वारले.