पोतं नांदूरला, पिशवी पुलावर

पूर ओसरला की गोदाकाठच्या बाभळी नदीचा हिशेब मांडून उभ्या राहतात. पाणी कुठवर चढलं होतं हे नाशकात दुतोंड्या मारुती सांगतो. खाली निफाड तालुक्यात ते काट्यांना लटकलेली प्लास्टिकची लक्तरं सांगतात. नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात गाळाची बेटं तयार झाली आहेत. तिथला कचरा काढायला हातमोजे आणि पोती घेऊन जे कुणी उतरतात, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. हे फोटोपुरतं काम नाही. गुडघाभर चिखलात उभं राहून पाणवेलीच्या मुळांतून एकेक पिशवी ओढायची. ती गाळाने जड झालेली असते. ओढली की फाटते, अर्धी हातात येते, अर्धी खालीच राहते.

एखादी सबंध निघते. तिला घट्ट गाठ मारलेली असते. सोडून पाहावं तर आत काळा पडलेला झेंडू, दुर्वांची जुडी, कापसाची वस्त्रं, कधी काच फुटलेली तसबीर. पिशवीवर मिठाईच्या दुकानाचं नाव असतं, आणि खाली पत्ता नाशिकचा. चाळीसेक किलोमीटर वाहत आलेल्या कचऱ्याने आपला जन्मदाखला असा सोबत आणलेला असतो.

ही बेटं म्हणजे काही ओसाड जागा नव्हे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं हे पाणथळ 2020 मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. ब्रिटिश काळातल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठत गेला आणि त्या उथळ पाण्यावर चक्रवाक, थापट्या, शराटी जमू लागले. याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. म्हणून सफाईलाही इथे पथ्य हवं. वन विभागाला विचारल्याशिवाय उतरू नये. पावसाळ्यात जांभळ्या पाणकोंबडीची घरटी असतात आणि थंडीत पाहुणे पक्षी, तेव्हा हातातला वेळ मधल्या थोड्या दिवसांचाच. शिवाय वाळलेली पाणगवतं म्हणजे कचरा नव्हे, ती उपटायची नसतात. हौशी पथकांना हे आधी सांगावं लागतं.

पण खरी अडचण पुढे आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की साफ केलेलं बेट पुन्हा जसंच्या तसं. नाशिककर घंटागाडीचा अभिमान सांगतो, आणि तो खोटा नाही. दारात गाडी येते, ओला-सुका वेगळा घेतला जातो. पण घरातलं निर्माल्य त्या गाडीत टाकायला त्याचं मन धजत नाही. देवाचं फूल कचऱ्यात कसं टाकायचं? मग ते पिशवीत बांधून गंगेत, म्हणजे गोदेतच. फूल विरघळतं हो, पिशवीचं काय? घाटावर निर्माल्य कलश ठेवले, पुलांच्या कठड्यांवर जाळ्या बसवल्या. स्कूटर जरा हळू करायची, मागच्या सीटवरून जाळीवरून पिशवी भिरकावायची, नमस्कार करायचा आणि वेग घ्यायचा, हे कौशल्यही तयार झालं. गोदावरीवर एका पुलाला गाडगे महाराजांचं नाव आहे. तोही या नमस्कारातून सुटलेला नाही.

गाडगेबाबांची रीत आठवा. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला समोर बसवून प्रश्न विचारायचे, उत्तर वदवून घ्यायचे. आपल्या स्वच्छता मोहिमांनी त्यातला खराटा तेवढा उचलला, कीर्तन सोडून दिलं. खराट्याने कुणी दुखावत नाही, बॅनर लावता येतो, चहा-पोहे होतात. प्रश्न विचारला की मात्र भांडण होतं: 'तुम्ही कोण सांगणारे? आमच्या धर्मात ढवळाढवळ?' अशा वेळी हात जोडून हसत उभं राहायला चिखलात उतरण्यापेक्षा जास्त धीर लागतो. गणपती विसर्जनाला मूर्तिदान मागणारी मंडळी हा धीर गेली अनेक वर्षं दाखवत आली आहेत, आणि लोक त्यांना मूर्ती देतातही.

2026-27 चा सिंहस्थ तोंडावर आहे. तेव्हा तर देशभरातून येणारा माणूस हातात काहीबाही घेऊनच पाण्याशी येईल. म्हणून मंडळांना एकच विनंती: पुढच्या वेळी वीस जण जमलात तर दहा जण नांदूरला जा. उरलेल्या दहा जणांनी दसऱ्यानंतरच्या सकाळी सहा ते आठ एक रिकामं पोतं घेऊन गाडगे महाराज पुलावर उभं राहावं आणि येणाऱ्या प्रत्येक स्कूटरला हात दाखवावा.