दिवसां कोंबड्या नेणारा चोर कोण ?

पिकांत रानडुकरें शिरलीं तर आमचा शेतकरी बंधु रात्रभर माळ्यावर बसून पहारा करतो. परंतु भर दुपारीं अंगणांतून दोन पिलें नाहींशीं झालीं तर "घारीनें नेलीं असतील" एवढें बोलून तो स्वस्थ बसतो. वस्तुतः अंड्यांचा पैसा हा बहुतेक घरीं गृहिणीच्या हातचा पैसा होय. मुलांच्या वह्या, आजाऱ्याचें औषध, सणावाराची चोळी हीं कामें त्यांतूनच निभतात. हें नुकसान लहान वाटतें तें केवळ घरधन्याच्या हिशेबाच्या वहींत तें मांडलें जात नाहीं म्हणून, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याहून मोठी चूक म्हणजे चोर न ओळखतां शिक्षा करणें. कित्येक ठिकाणीं पिकावरचें औषध मांसास चोळून तें बांधावर टाकतात. त्यानें मरतें कोण ? घरचें इमानी कुत्रें, आणि उंदीर खाऊन आपलें धान्य राखणारें घुबड. शिवाय घार, शिक्रा, मुंगूस व घोरपड यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्यांस मारणें हा गुन्हा आहे. तेव्हां आधीं ओळख, मग उपाय, हाच क्रम योग्य होय.

चोर बहुधा आपली खूण ठेवून जातो. उघड्या जागेंतून एखादें पिलूं गेलें, रक्त नाहीं, पिसें नाहींत, तर प्रथम आकाशाकडे पाहावें. शेपटीस दुफांटा असलेला, उंच घिरट्या घालणारा मोठा तपकिरी पक्षी ती घार. हिवाळ्याच्या अखेरीस तिच्या घरट्यांत पिलें असतात, आणि त्यांच्यासाठीं ती आपलीं पिलें उचलते. शिक्रा कबुतराएवढा असतो. तो झाडाआडून अकस्मात् झडप घालतो व जवळच्याच झाडाखालीं उपटलेलीं पिसें सांपडतात. कावळा अंडीं व नुकतींच निघालेलीं पिलें नेतो. पुरी वाढलेली कोंबडी मात्र या तिघांपैकीं सहसा कोणी नेत नाहीं; ती गेली असेल तर जमिनीवरच्या चोराचा संशय घ्यावा.

मुंगूस हें दिवसां हिंडणारें जनावर आहे. तें दगडी गडग्यांतून किंवा कुंपणांतून येतें, मानेस वा डोक्यास चावून मारतें आणि शिकार कुंपणाकडे ओढून नेतें. घोरपड अंडीं व पिलें सबंधच गिळते. धुळींत नखांच्या पावलांमधून तिच्या शेपटीची रेघ उमटलेली असते. एकाच वेळीं पांच-सहा कोंबड्या फाडून, न खातां टाकलेल्या आढळल्या, तर रानाकडे बोट दाखवूं नये. तें काम बहुधा गांवच्या, क्वचित् आपल्याच, कुत्र्याचें असतें. खूण सांपडत नसेल तर खुराड्याभोंवतीं चाळलेली राख पसरावी. मांजराचें पाऊल वाटोळें, चार बोटांचें व नखांवांचून उमटतें. कुत्र्याचें चार बोटांचें पण नखांसह. मुंगसाचें लहान, पांच बोटांचें व नखांसह.

आतां मूळ कारणाकडे वळूं. गांवठी कोंबडी आपल्या पिलांसह हिंडते. घार दिसतांच ती ओरडते आणि पिलें तिच्या पंखांखालीं शिरतात. आज पुष्कळ घरीं हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानें तयार केलेल्या वनराजासारख्या जातींचीं एक दिवसाचीं पिलें विकत आणतात. त्यांस आई नसते, आणि या जातीची कोंबडी सहसा खुडूकही बसत नाहीं. रंगीत पिसांमुळें हे पक्षी पांढऱ्या कोंबडीइतके दुरून डोळ्यांत भरत नाहींत हें खरें. परंतु इशारा देणाऱ्या आईची उणीव रंगानें भरून निघत नाहीं. ती पालकानेंच भरून काढली पाहिजे. म्हणून पहिले सहा आठवडे हीं पिलें जाळीच्या आंतच वाढवावीं. जाळीचीं भोंकें अर्ध्या इंचाचीं असावीं, ती वरूनही मढवावी व खालीं वीतभर जमिनींत पुरावी.

दहा कोंबड्यांसाठीं एवढा खर्च परवडत नाहीं, असा आक्षेप कांहीं बंधु घेतील. त्यांस आमचें सांगणें असें कीं, पिलें थोडीं असल्यास घरचें डालगें पुरतें. त्यावर धोंडा ठेवावा म्हणजे झालें. मासेमारीचें जुनें जाळें अंगणावर ताणलें तरी घार खालीं उतरत नाहीं. मोठ्या कोंबड्यांसाठीं चरण्याच्या जागीं मधून मधून हातभर उंचीचे मांडव घालून त्यांवर पऱ्हाटी पसरावी, म्हणजे आकाशांतून झडप आली तर आडोसा मिळतो. याच्या उलट, खुराड्याभोंवतींचें आठ-दहा हातांतलें गवत व झुडूप काढून टाकावें आणि गडग्याचीं भोंकें बुजवावीं, म्हणजे मुंगसास दबून येतां येणार नाहीं. अंडीं दिवसांतून दोनदां गोळा करावीं. मेलेलें पिलूं किंवा मासळीचा केर उकिरड्यावर टाकूं नये, खोल पुरावा. उकिरड्यावर खाणें मिळालें कीं घार व कुत्रीं रोजच्या रोज तेथें येऊं लागतात.

मुंगूस एखादें पिलूं नेत असेल, पण तेंच मुंगूस बांधावरचे उंदीर व सापही मारतें. त्याचा जीव घेऊन आपलें पीक उंदरांच्या हवालीं करणें शहाणपणाचें नव्हे. आमची वाचकांस एवढीच विनंती आहे कीं, हिशेबाच्या वहींत एक पान कोंबड्यांसाठीं राखावें, आणि पक्षी गेला कीं त्यावर दिवस, वेळ, जागा व सांपडलेली खूण टिपून ठेवावी. महिनाभरानें तें पान वाचलें तर चोर बहुधा ओळखतां येईल. आणि कोणतें दार आपणच उघडें ठेवलें होतें, हेंही कळून येईल.