"टायर बसतोय का?" हा प्रश्नच चुकीचा आहे

गिऱ्हाइकाला 'नाही' कसं म्हणायचं, यावर या आठवड्याचा व्हिडिओ आहे. त्यात एक किस्सा अर्धवट राहिला. तो इथे पूर्ण सांगतो. त्या किश्शात माझे 19 हजार रुपये गेले, आणि त्या 19 हजारांत जे शिकलो ते बीबीएच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो.

पुणे-नाशिक रस्त्यावर माझं टायर-ॲक्सेसरीजचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर एक टोमॅटोवाले शेतकरी त्यांची जुनी टाटा झेनॉन पिकअप घेऊन आले. गाडीवर 235/70 आर16 टायर होते, पार गुळगुळीत झालेले. मोबाईलवर एक फोटो दाखवून म्हणाले, "शेठ, असे मोठे, खोल नक्षीचे टायर टाका. लिफ्ट-बिफ्ट नको, तो खर्च परवडत नाही. बसतील ना?"

मी 265/75 आर16 लावून बघितला. बसला! स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तर मागच्या बाजूला मडफ्लॅपला घासत होता. मडफ्लॅप कापला, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक गरम करून मागे दाबलं. झालं काम. फोटो काढला, इन्स्टाग्रामवर टाकला, 60 हजारांच्या आसपास बिल केलं. त्या रात्री मी जाम खूश होतो.

बाराव्या दिवशी फोन आला. क्रेट भरून माळशेज घाट उतरताना वळणावर ब्रेक मारला की पुढून 'खर्र' आवाज यायचा. खाली उतरून बघितलं, तर टायरच्या खांद्याला कट गेलेला आणि आतले धागे दिसत होते. शेजारच्या सीटवर त्यांचा शाळकरी मुलगा बसला होता. ते माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "शेठ, तुम्ही बसतो म्हणाला होता."

टायर मी परत घेतले, पडेल भावात विकले. पैशांचं दुःख महिन्याभरात गेलं. ते वाक्य अजून डोक्यात आहे.

चूक नेमकी कुठे झाली?

मी टायर तपासला तो रिकाम्या गाडीवर, दुकानाच्या सपाट फरशीवर, गाडी उभी असताना. गिऱ्हाईक गाडी चालवणार होतं ती भरलेली, उतारावर, वळणावर, ब्रेक मारत. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं. चाक कमानीत वर चढतं आणि त्याच वेळी वळलेलंही असतं. लिफ्ट नसलेल्या गाडीत तेवढी जागाच नसते.

आणि मी गणितही केलं नव्हतं. दोन मिनिटांचं गणित आहे, बघा. 235/70 आर16 म्हणजे रुंदी 235 मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 70 टक्के, आणि रिम 16 इंच, म्हणजे 406 मिलिमीटर. बाजूची उंची दोनदा धरली की एकूण व्यास येतो साधारण 735 मिलिमीटर. 265/75 आर16 चा व्यास येतो 804. म्हणजे टायर 69 मिलिमीटरने, सव्वानऊ टक्क्यांनी मोठा! पण गाडी जमिनीपासून किती उचलली गेली? त्याच्या निम्मी, साधारण 34 मिलिमीटर. दोन बोटं फक्त.

या दोन बोटांसाठी गिऱ्हाइकाने काय काय मोजलं ते बघा:

- स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 65 च्या पुढे असते.
- ओडोमीटर किलोमीटर कमी मोजतो. जड टायरमुळे ॲव्हरेज थोडं पडतंच, पण मीटरच्या हिशेबात ते आणखी पडलेलं दिसतं. शिव्या तुम्हालाच बसतात.
- मोठं चाक म्हणजे गिअर लांबल्यासारखं होतं. भरलेली गाडी घाट चढताना क्लचवर ताण येतो. जड चाक थांबवायला ब्रेकलाही जास्त मेहनत पडते.
- स्टेपनी जुन्या मापाचीच राहते. मोठी घेतली तर ती गाडीखालच्या जागेत मावेलच असं नाही. आणि फोर बाय फोर गाडीत एक चाक लहान, तीन मोठी असं करून फोर बाय फोर लावलं, तर गिअरांची वाट लागते.

मग लोक जुगाड करतात. स्पेसर टाकून चाक बाहेर काढतात. त्याने आतलं घासणं थांबतं, पण वळताना चाक आणखी मोठा फेर घेतं आणि बंपरच्या कोपऱ्याला लागतं. पुढे टॉर्शन बार असेल तर बोल्ट आवळून नाक वर काढतात. गाडी दणकते, अलाइनमेंट बिघडते, आणि फोर बाय फोर असेल तर पुढच्या ॲक्सलच्या जॉइंटचा कोन वाढून ते लवकर झिजतात. म्हणजे लिफ्टचे पैसे वाचवले म्हणायचं आणि हप्त्याहप्त्याने भरायचे.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्यात कमान कापलेली मालवाहू गाडी फिटनेसला उभी राहिली, किंवा अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आला, तर प्रश्न गिऱ्हाइकाला विचारले जाणार. आणि गिऱ्हाईक तुमचं नाव सांगणार.

मग विकायचं काय?

माझं स्पष्ट मत आहे: गिऱ्हाईक माप मागतं, पण त्याला गरज वेगळ्याच गोष्टीची असते. ती गरज विका.

त्या शेतकऱ्यांना शेताच्या बांधावरून चिखलातून गाडी बाहेर काढायची होती. त्यांना पकड पाहिजे होती, उंची नव्हे. गुळगुळीत टायरच्या जागी त्याच मापाचा किंवा 245/70 आर16 ऑल-टेरेन टायर बसवला असता तर काम झालं असतं. 245/70 चा व्यास 749 मिलिमीटर, म्हणजे फक्त दोन टक्के जास्त. हे मी विचारलंच नाही. फोटो बघितला आणि बिल बघितलं.

आता माझ्या दुकानात चार नियम आहेत. पहिला, "गाडी कुठे चालते, किती माल भरता?" हे विचारल्याशिवाय टायर दाखवायचा नाही. दुसरा, आधी दाराजवळचं स्टिकर आणि मॅन्युअल बघायचं, व्यासाचा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी घ्यायचा नाही. तिसरा, एक टायर लावून खरी तपासणी: मागे वजन भरायचं, पुढचं एक चाक रॅम्पवर चढवायचं, कमानीत भिजवलेल्या कणकेचे गोळे चिकटवायचे आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायचं. गोळा चेपला की जागा नाही. गिऱ्हाइकाला तो चेपलेला गोळा हातात द्यायचा, भाषण द्यावं लागत नाही. चौथा, या तपासणीचे 500 रुपये घ्यायचे, टायर घेतले तर बिलात वजा करायचे.

तुम्ही म्हणाल, "सर, मी नाही म्हटलं तर शेजारचा बसवून देईल." देईल ना! माझीही गिऱ्हाइकं गेली आहेत, खोटं कशाला बोलू? नवीन दुकान, डोक्यावर कर्ज, आणि समोर 60 हजारांचं बिल चालून आलेलं असताना 'नाही' म्हणणं सोपं नाही. पण असा हिशेब करा: अशा एका बिलात माझ्या हातात राहणार होते जेमतेम पाच-सहा हजार. गेले 19 हजार. म्हणजे एका चुकीच्या 'हो' ने तीन-चार चांगल्या बिलांची कमाई खाल्ली. आणि हे टायर फुटला नाही म्हणून. फुटला असता तर त्याचा हिशेब कुठल्याच वहीत मांडता आला नसता.

ते शेतकरी पुन्हा आले का? स्वतः नाही आले. दोन वर्षांनी त्यांच्या भाच्याला पाठवलं. निरोप होता, "त्या शेठने पैसे परत दिले होते."

तुमचं दुकान टायरचं असो, शिलाईचं असो की केटरिंगचं. उद्या शटर उघडल्यावर येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी एकच विचारा: "हे वापरणार कुठे?" एक आठवडा विचारून बघा. तुमचे बरेचसे 'हो' बदलतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत.