काळाची कीर्द, स्मृतीची खतावणी

गुलमंडीवरील दुकानाचे शटर सकाळी उघडते आणि रात्री खाली येते. मधल्या वेळेत उसंत नसते. दिवस कसा सरला हे कळत नाही. महिन्याभराने मात्र त्या दिवसातले काहीच आठवत नाही. उलट मुलाबाळांसह वेरूळला घालवलेला एखादा रविवार वीस वर्षांनीही डोळ्यांपुढे उभा राहतो. घड्याळाने दोन्ही दिवसांना चोवीसच तास दिलेले असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये या विसंगतीची मीमांसा केली. विविध अनुभवांनी भरलेला काळ सरताना अल्प आणि आठवताना दीर्घ भासतो, असे त्यांनी नोंदवले. वय वाढते, जगणे सवयीचे होते, तशी वर्षे झपाट्याने सरू लागतात. कीर्दीत रोजचा प्रत्येक व्यवहार उतरतो. स्मृती मात्र एकसारख्या शंभर दिवसांची खतावणी एकाच ओळीत करते.

जैन दर्शनाने व्यवहारकाळाचे सूक्ष्म मापन केले आहे. ‘समय’ हा त्याचा अविभाज्य अंश; ४८ मिनिटांचा एक मुहूर्त; ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र. सामायिकही एका मुहूर्ताचे. ग्राहकांच्या गर्दीत ४८ मिनिटे नकळत उडून जातात. सामायिकाला प्रथमच बसलेल्या मुलाला तीच सरता सरत नाहीत. पण ते पहिले सामायिक किंवा पर्युषणातील पहिला उपवास त्याला जन्मभर आठवतो, कारण तेथे त्याचे संपूर्ण अवधान होते.

अविस्मरणीय अनुभवासाठी दूरची सहलच हवी, असे नाही. वेरूळच्या जैन लेण्यांत बाहुबलींच्या देहावर वेली चढलेल्या दिसतात. परंपरा सांगते, ते वर्षभर एकाच जागी निश्चल उभे होते. त्या वर्षात स्थळ बदलले नाही. तरी सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकारांना ते पाषाणात कोरावेसे वाटले.

दुकान मुलांसाठी चालवले जाते. पण मुलगा शिक्षणासाठी पुण्याला निघतो, तेव्हा त्याचे बालपण वडिलांना चार दिवसांचे वाटते. अनेक घरांत सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचा डबा दुकानातच जातो. आठवड्यातून एकदा तरी ते जेवण घरी, मुलांसोबत व्हावे. तेवढ्याने गल्ल्यात फारशी तूट येणार नाही. स्मृतीच्या खतावणीत मात्र एक स्वतंत्र खाते उघडेल.