किल्ली हाती देण्यापूर्वी

निवृत्तीच्या रकमेतून घेतलेल्या एक-दोन सदनिकांच्या भाड्यावर घरखर्चाचा मोठा भाग भागवणारा लहान घरमालक आणि शेकडो गाळ्यांचा कारभार पाहणारी संस्था यांना कायदा एकच असला, तरी त्याच्या चुकीची किंमत दोघांना सारखी पडत नाही. लहान मालकाच्या पदरी कायमचा वकील नसतो, घर वर्षभर अडकून पडले तर ते सोसण्याची आर्थिक ताकद नसते आणि वय उतरणीला लागलेले असल्यास निकालाची वाट पाहण्याइतका काळही नसतो. म्हणून त्याचे संरक्षण वाद उद्भवल्यानंतरच्या धावपळीवर सोडता येत नाही. ते किल्ली दुसऱ्याच्या हाती जाण्यापूर्वीच्या कागदपत्रांत पूर्ण झालेले असावे लागते. महाराष्ट्रात ही व्यवस्था उपलब्ध आहे, स्वस्तही आहे, आणि तरीही असंख्य मालक ती अर्धवट वापरतात, ही चिंतेची बाब आहे.

भाडेपट्टा आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ यांतील भेद येथे प्रथम लक्षात घ्यावा लागतो. भाडेपट्ट्याने जागेतील हितसंबंध भाडेकरूकडे जातो. लिव्ह अँड लायसन्स करारात मात्र, १८८२च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मधील व्याख्येनुसार, दुसऱ्याच्या जागेचा वापर करण्याची केवळ परवानगी मिळते, आणि अशी परवानगी मिळालेल्या व्यक्तीस परवानाधारक म्हणतात. हा भेद व्यवहारात किती दूरवर पोहोचतो, हे मुंबईच्या इतिहासावरून दिसते. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि ताबा परत मिळवणे दुष्कर झाले, तेव्हा मालक परवान्याच्या कराराकडे वळले. परंतु १९७३च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्याखाली ताब्यात असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण बहाल केले. त्या एका दुरुस्तीचा धसका इतका खोलवर बसला की पुढे अनेकांनी घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे पत्करले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने ही स्थिती बदलली, मात्र आपल्या अटींवर: मालकाने करार लेखी आणि नोंदणीकृत केला, तरच त्या बदलाचा पूर्ण लाभ त्याला मिळतो.

याच टप्प्यावर अकरा महिन्यांचा गैरसमज आडवा येतो. १९०८च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने देशभर अकरा महिन्यांचा करार रूढ झाला, आणि अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही, नोटरीचा शिक्का पुरतो, ही समजूत त्याच्या पाठोपाठ आली. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. १९९९च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ती न पाळणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिक्षेपेक्षाही गंभीर परिणाम पुराव्याचा आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे भाडे किती ठरले, मुदत कोणती आणि अनामत किती याविषयी मालकाने दोन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी स्वतःचा शब्द स्वतःच दुबळा करून घेतलेला असतो.

हा खर्च नेमका किती, याचा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. मुद्रांक शुल्क सध्या संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परतावा करावयाच्या अनामत रकमेवरील वार्षिक दहा टक्के दराची रक्कम यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के आहे. मासिक भाडे १५,००० रुपये, अनामत ६०,००० रुपये आणि मुदत दोन वर्षे धरल्यास भाड्याचे ३,६०,००० आणि अनामतीवरचे १२,००० मिळून ३,७२,००० रुपये होतात व त्यावरील शुल्क ९३० रुपये येते. महापालिका हद्दीतील नोंदणी फी १,००० रुपये धरूनही एकूण रक्कम दोन हजारांच्या आत राहते, किरकोळ हाताळणी शुल्क तेवढे वेगळे. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपयेच आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सुविधेमुळे आधार क्रमांक आणि बोटांच्या ठशांच्या आधारे घरबसल्या दस्त नोंदवता येतो, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयातील रांगेची सबबही आता उरलेली नाही.

नोंदणीकृत कराराचे खरे बळ मुदत संपल्यावर कळते. कलम २४ नुसार निवासासाठी दिलेल्या जागेचा परवानाधारक मुदत संपताच ताबा देण्यास बांधलेला असतो. त्याने तो न दिल्यास मालकाला दिवाणी दाव्याच्या लांब वाटेने न जाता सक्षम प्राधिकारी, म्हणजे याच कामासाठी शासनाने नेमलेला अधिकारी, याच्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदत संपल्याची खात्री पटल्यावर तो निष्कासनाचा आदेश देतो. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. परवानाधारकाला बचाव करण्यासाठी समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी करारातील भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. हा मार्ग निवासी जागेपुरता आहे; दुकान किंवा कार्यालयासाठी दिलेल्या गाळ्याला तो लागू होत नाही, हे व्यापारी गाळ्यांच्या मालकांनी विसरू नये.

इतका सुगम मार्ग असताना पाणी तोडणे, वीजमीटर बंद करणे किंवा कुलूप बदलणे यांसारखे उपाय योजणारे मालक स्वतःची बाजूच मोडून टाकतात. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा तोडण्यास कलम २९ ने मनाई केली आहे, आणि परवानाधारकाच्या बाबतीतही बळाने काढलेला ताबा मालकाला फिर्यादीच्या जागेवरून आरोपीच्या जागेवर नेऊन बसवतो. घरात माणसे राहत असतात, त्यांत मुले आणि आजारी असतात. भाडे थकले म्हणून त्यांचे पाणी बंद करणे कायद्याच्या आधीच माणुसकीला धरून नाही.

निर्णायक पुराव्याचा नियम मालकालाही तितकाच बांधतो, म्हणून करारात काय लिहिले जाते याला महत्त्व येते. तयार नमुन्यातील रिकाम्या जागा भरून देणाऱ्या मध्यस्थावर हे काम सोपवू नये. मुदतीची सुरुवात आणि शेवट तारखांनी लिहावा. राहणाऱ्या सर्व प्रौढ व्यक्तींची नावे यावीत. दोन्ही बाजूंनी मुदतीपूर्वी करार संपवण्याची नोटीस किती दिवसांची, देखभाल खर्च आणि वीजबिल कोणाकडे, रंगकामाचा खर्च कोणत्या परिस्थितीत कापला जाईल, हे स्पष्ट असावे. पंखे, गीझर, कपाटे, नळ यांची यादी त्यांच्या स्थितीसह जोडावी आणि त्याच दिवशी काढलेली छायाचित्रे दोघांनी एकमेकांना पाठवून ठेवावीत. अनामत रकमेवरून होणाऱ्या तंट्यांत नेहमीच्या वापराने झालेली झीज आणि हलगर्जीपणाने झालेले नुकसान यांतील सीमारेषाच वादाचा विषय असते, आणि ती रेषा दाखवणारा पुरावा प्रवेशाच्या दिवशीच तयार होऊ शकतो.

भाड्याऐवजी मोठी अनामत घेण्याच्या, म्हणजे ‘हेवी डिपॉझिट’च्या प्रथेपासून लहान मालकाने दूर राहावे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. अशी रक्कम बहुधा कर्जफेडीत किंवा मुलांच्या शिक्षणात खर्च होते, आणि मुदत संपताना ती परत देता न आल्यास जागा सोडण्यास नकार देणाऱ्याच्या हाती एक रास्त कारण पडते. अनामत ही परत करावयाची रक्कम आहे; ती मुदत ठेवीत वेगळी ठेवण्याची शिस्त ज्याला शक्य नसेल, त्याने ती मुळातच कमी घ्यावी.

राहणारा निवडताना उत्पन्नाचा पुरावा, नोकरीचे ठिकाण आणि मागील घरमालकाकडील चौकशी पुरेशी असते. जात, धर्म, आहार किंवा एकटी स्त्री असणे या कारणांनी घर नाकारण्याची रूढी आपल्या शहरांत अजून घट्ट आहे. तिने भाडे वेळेवर येण्याची शाश्वती तिळमात्र वाढत नाही, उलट चांगले राहणारे गमावले जातात आणि समाजाचे नुकसान होते ते वेगळे. पोलीस ठाण्याला माहिती कळवण्याचे आदेश अनेक शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात आणि त्यांचा भंग दंडनीय असतो. ती माहिती ऑनलाइन भरून पोच जपावी. सहकारी गृहनिर्माण संस्थेला कराराची प्रत देऊन कळवावे. संस्था बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, पण ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरता येत नाहीत.

भाडे बँकेतूनच घ्यावे आणि पावती द्यावी. आयकरात त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते, दुरुस्तीवर खर्च झाला असो वा नसो. त्यामुळे उत्पन्न लपवण्यात नफा थोडा आणि धोका मोठा असतो. मालक परदेशस्थ असल्यास भाडे देणाऱ्याला कर कापून भरावा लागतो आणि मासिक पन्नास हजारांची नेहमीची मर्यादा तेथे लागू होत नाही; अमेरिका किंवा आखाती देशांत राहून पुण्या-ठाण्यातील घर भाड्याने देणाऱ्यांनी हे राहणाऱ्याला करारापूर्वीच सांगावे.

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरण करायचे की ताबा घ्यायचा, हे लेखी विचारावे. नूतनीकरण ठरल्यास जुनी मुदत संपण्यापूर्वी नवा करार नोंदवावा, कारण कराराविना चालू राहिलेला ताबा आणि स्वीकारत राहिलेले भाडे पुढील वादाला निमित्त देतात. ताबा घ्यायचा असल्यास शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून यादी तपासावी, वीजमीटरचे वाचन लिहावे, कपातीचा हिशेब कागदावर मांडावा, उरलेली अनामत त्याच वेळी खात्यावर वळती करावी आणि किल्ल्या मिळाल्याची व रक्कम पोहोचल्याची पोच एकाच कागदावर दोघांच्या सह्यांनी घ्यावी.