संगणकाला जात नसते, सातबाऱ्याला असते

‘संगणकाला जात नसते.’ अचूक शेतीचा प्रचार करणाऱ्यांचे हे आवडते वाक्य. उपग्रह वरून पाहतो, मोबाईल अक्षांश-रेखांश टिपतो, गट क्रमांकावर बोट ठेवले की माती, पीक, पाणी, खत सगळे समोर. यात जात कुठून आली, असे आपल्यातली शिकलेली मुलेही विचारतात. आमचे उत्तर सरळ आहे. संगणकाला जात नसेल. पण तो ज्या कागदावर उभा आहे, त्या सातबाऱ्याला आहे.

ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी बंधनकारक झाला. त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी. या सगळ्यात जागा ओळखली जाते गट क्रमांकाने आणि माणूस ओळखला जातो सातबाऱ्यावरच्या नावाने. ज्याचे नाव नाही, तो या यंत्रणेच्या लेखी शेतात उभाच नाही.

आता हे कणकवली तालुक्यातल्या नांदगावसारख्या गावातून बघा. कोकणातला सातबारा सामाईक. त्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावे, निम्मे हिस्सेदार मुंबईत. कुणगा लावतो दुसराच, अर्ध्या वाट्याने किंवा खंडाने, आणि तो व्यवहार तोंडी. लावणीला वाकणाऱ्या बाईचे नाव तर कुठल्याच रकान्यात नाही. 2011 च्या जनगणनेत शेतीत राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या दर शंभर माणसांत सुमारे सत्तर जण शेतमजूर होते. हवामानाचा इशारा, विमा, नुकसानभरपाई हे सारे ओळख क्रमांकामागे जाणार असेल, तर ते या सत्तरांच्या दारात कसे येणार?

नाव नसण्याची किंमत आपल्या माणसांनी आधीही मोजली आहे. हा भाग 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि रत्नागिरी म्हणजे खोती. सारा वसूल करणारा खोत, कुळाने किती द्यायचे ते सांगणाराही खोत. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. पुढे खोती गेली, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिनही आला. पण कुळ म्हणून ज्याचे नाव कागदावर लागलेच नव्हते, त्याच्या हाती तो कायदा आला नाही. आज तोच कागद संगणकात चढतो आहे. जुनी चूक नव्या यंत्रात घातली की ती चूक राहत नाही, ती ‘अचूक माहिती’ होते.

आणि ही माहिती खरोखर किती अचूक आहे? सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, जवळपास एक गुंठा. सलग उसाच्या फडात हे चालते. कोकणात त्या एका ठिपक्यात भाताचा कुणगा, बांध, शेजाऱ्याचा आंबा आणि कातळ एकत्र येतात. मृद आरोग्य पत्रिकेच्या पहिल्या फेरीत कोरडवाहू भागासाठी दहा हेक्टरला मातीचा एक नमुना धरला होता. दहा हेक्टर म्हणजे जवळपास हजार गुंठे! ओढ्याकाठचा मळा आणि वरची भरड जमीन यांना एकच पत्रिका. मळा कोणाचा आणि भरड कोणाच्या वाट्याला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

बाबासाहेबांनी 1918 मध्ये हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा केवढा, एवढ्यावरून शेती फायद्याची ठरत नाही. त्या तुकड्यावर भांडवल, अवजारे आणि श्रम किती, ते बघा, असा त्यांचा मुद्दा होता. आजचे नकाशेवाले तुकड्याची सीमारेषा काढून थांबतात. तुकड्यावरच्या माणसाकडे काय आहे, हा रकानाच त्यांच्याकडे नाही.

म्हणून तंत्रज्ञानाला विरोध, असे आम्ही म्हणत नाही. विरोध करून घरी बसलो तर नकाशा आपल्याशिवाय पुरा होईल. आमची मागणी अशी: मालकीच्या रकान्याशेजारी प्रत्यक्ष कसणाऱ्याचा वेगळा रकाना हवा, मालकी हक्काला धक्का न लावता मदत त्या नावावर मिळावी. सामाईक सातबाऱ्यावर प्रत्येक हिस्सेदाराचे क्षेत्र आणि बायकांची नावे दिसावीत. मातीचे नमुने वाडीनिहाय घ्यावेत. गावाची माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी, आणि ती कुठल्या कंपनीला द्यायची असेल तर आधी संमती घ्यावी.

मागणी कागदावर राहू नये, यासाठी काम तरुणांनी उचलायचे आहे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब जितक्या चोख ठेवता, तितक्या चोख आपल्या वाडीची यादी करा. महाभूलेखवरून सातबारा काढा, गाव नकाशा घ्या, बांधावरून चालत जा. कोणत्या गटात कोण कसते, किती वर्षे कसते, नाव कुठे आहे आणि कुठे नाही, लिहून काढा. ती यादी घेऊन ग्रामसभेत उभे राहा.

शिका म्हणजे हा नकाशा वाचायला शिका. संघटित व्हा म्हणजे वाडीची यादी एकत्र करा. संघर्ष त्या रकान्यासाठी आहे.

जय भीम!