उन्हाचेही वजन व्हावे



उसाची गाडी काट्यावर येते तेव्हा आपण सगळे काट्याकडे टक लावून बघतो. दहा किलो इकडेतिकडे झाले तरी चालत नाही, आणि चालूही नये. पाण्याचा हिशेब आवर्तनाच्या दिवसांवर होतो, खताचा गोण्यांवर. पण ज्याच्या जोरावर पानात साखर तयार होते त्या उन्हाचा हिशेब आपल्यापैकी कोणी ठेवतो काय? "ऊन काय, फुकटच पडतं!" असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या मते हे चुकते आहे.

सूर्याकडून पृथ्वीला किती मिळते हे मोजलेले आहे. वातावरणाच्या वर, किरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे 1361 वॉट पडतात. अंतर दुप्पट झाले की ऊन चौथाईवर येते, म्हणून शुक्रावर आपल्या जवळजवळ दुप्पट आणि मंगळावर निम्म्याहूनही कमी. आपली पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तरी देवळ्यात तेव्हा शेकोटी पेटते! कारण अंतराचा फरक थोडा आणि किरणांच्या तिरपेपणाचा मोठा.

हे ज्याला पाहायचे त्याने अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करावी. आपले गाव सुमारे साडेवीस अक्षांशावर. 22 मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला काठीची सावली नाहीशी होते. 22 डिसेंबरला त्याच वेळी ती सुमारे 96 सेंटीमीटर भरते. तेच ऊन जास्त जमिनीवर पसरते, दिवसही अकरा तासांच्या आत येतो. म्हणून वातावरणाच्या वर जूनमध्ये दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे 11 युनिट, तर डिसेंबरमध्ये 7.

आता खाली किती पोचते? तिथे ढग, धूळ, बाष्प आडवे येतात. वेधशाळेत काचेचा एक गोळा असतो. त्यातून ऊन एकवटून खालची पट्टी जळते आणि जळालेल्या रेघेवरून उन्हाचे तास कळतात. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी 1924 साली मांडलेले आणि पुढे सुधारलेले गणित सोपे आहे: वरच्या उन्हाचा पाव हिस्सा ढगातूनही मिळतो, आणि आकाश स्वच्छ राहिले त्या प्रमाणात आणखी निम्म्यापर्यंत. समजा जुलैत 13 तासांच्या दिवसात 3 तास ऊन पडले, तर 11 पैकी 4 युनिट पदरात. डिसेंबरात पावणेअकरा तासांपैकी साडेनऊ तास पडले, तर 7 पैकी जवळजवळ 5. म्हणजे तिरप्या सूर्याचा डिसेंबर ढगाळ जुलैला मागे टाकतो! आणि निरभ्र एप्रिलात हाच आकडा 7 वर जातो.

डिसेंबरला 5 आणि एप्रिलला 7, वर एप्रिलचा कोरडा वारा. उसाची तहान उन्हावर चालते आणि आपली पाळी कालव्यावर आणि विजेच्या वेळेवर. मग ढगाळ दिवसांत सरीत पाणी तुंबते आणि खरी गरज असते तेव्हा ऊस सुकतो. गिरणेचे पाणी वाढणार नाही. ते कधी द्यावे एवढे तरी आपल्या हाती आहे.

हे ज्ञान परदेशातच आहे असेही नाही. पुण्याच्या हवामान खात्यात अण्णा मणी यांनी 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात ऊन मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले, उपकरणे इथेच तयार करवली आणि 1980 साली देशभराच्या उन्हाचे आकडे ग्रंथरूपाने दिले. त्या आकड्यांचा उपयोग सौर वीजवाल्यांनी केला, आपण ऊसवाले मागे राहिलो.

काही सभासद म्हणतील, नाशिकचा आकडा आहे की, वेगळे यंत्र कशाला? अहो, आपल्या पश्चिमेला कळवण-सुरगाण्याचे पावसाळी डोंगर, पूर्वेला मालेगावचा कोरडा पट्टा. मधल्या देवळ्याचे ढग नाशिकच्या आकड्यात कसे दिसणार? शिवाय ज्यांनी सौर पंप घेतले त्यांनी ध्यानात घ्यावे की पॅनेलवर लिहिलेली ताकद 1000 वॉट उन्हाला आणि पॅनेल 25 अंशांवर असताना मोजलेली असते. आपल्या शिवारात किती मिळेल, हे आपल्याच मोजणीने कळेल. नाहीतर विकणारा सांगेल ते खरे.

म्हणून आमची सूचना अशी. ऊसविकास विभागाच्या प्लॉटवर एक सूर्यप्रकाशमापक बसवावा. दर आठवड्याचा आकडा गटकचेरीच्या फळ्यावर, पावसाच्या आकड्याशेजारी, लिहावा. दोन-तीन हंगाम तो टनेज आणि उताऱ्याशी ताडून पाहावा. यंत्र बसले म्हणजे ऊस वाढला असे होत नाही, हे आम्हीही जाणतो. रोज नोंद करणारा माणूस आणि ती वाचणारा सभासद, दोन्ही हवेत. नाहीतर काचेवर धूळ बसेल आणि आकडाही खोटा येईल.

काट्यावर विश्वास बसायला आपण काटा तपासायला शिकलो. उन्हाचे वजनही तसेच शिकता येईल. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा आणि सभासदांनी त्यावर मोकळेपणी बोलावे, ही विनंती.